पेटीवरचं नाव

लेकीची जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवासी शाळेसाठी निवड झाली. उद्या तिला लातूरला सोडायचं, म्हणून मी पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगानं तिचं नाव लिहीत होते. त्या ओल्या रंगाच्या वासानं मला थेट लहानपणीच्या उमरीच्या बसस्टँडवर नेऊन उभं केलं.

तेव्हा निवासी शाळेच्या अशाच परीक्षेत आमच्या वर्गातून एकट्या सुनंदाचा नंबर लागला होता, माझा हुकला. तिच्या पेटीवर असंच नाव होतं, गळ्यात गुरुजींनी घातलेला झेंडूचा हार होता. नांदेडची एसटी लागली तशी माझी आई म्हणाली, "लई हुशार लेकरू हाय."

माझा नुसता जळफळाट झाला. ती पेटी, तो हार, खिडकीजवळची ती जागासुद्धा माझीच होती, असं मला वाटत होतं. खिडकीत बसून सुनंदा रडायला लागली, तर म्हटलं, आता हिचे नखरे बघा. ती एकटक माझ्याकडं बघत होती. मला खिजवतेय, असंच मी धरून चालले.

आज पेटीजवळ बसलेली लेकही तशीच बघत होती. पेटीकडं नाही, मला टेकून बसलेल्या धाकट्याकडं.

सुनंदा तेव्हा माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती. ती माझ्या मुठीकडं बघत होती. मुठीत आईचा पदर होता.