उन्हात ठेवलेले सेल

सकाळी गॅलरीच्या कठड्यावर टीव्हीच्या रिमोटचे दोन सेल उन्हात ठेवलेले दिसले. आईचंच काम. नवे आणून दिले तरी जुने टाकणं तिच्या जिवावर येतं.

लहानपणी संपलेले सेल माझ्या वाट्याचे असत. खिळा-हातोडी घेऊन मी ते फोडायची. आतल्या काळ्या कांड्यांना चालू बॅटरीच्या वायरी जोडून मिठाच्या पाण्यात बुडबुडे काढायची आणि काळ्या भुकटीने फरशी बरबटवली म्हणून ओरडा खायची. पण त्याआधी आई ते सेल दोन दिवस उन्हात ठेवायची. ट्रान्झिस्टर पुन्हा कसाबसा बोलू लागायचा. मला राग यायचा. सातवीतलं सगळं ज्ञान पणाला लावून मी तिला एकदा सांगितलं, "आई, आतलं रसायन संपलंय. उन्हाने ते परत भरत नाही. उरलंसुरलं तेवढं बाहेर येतं, बस."

"मग येऊ दे की तेवढं," ती म्हणाली होती. "बातम्या तरी ऐकून होतील."

आज त्या सेलच्या शेजारी आई खुर्चीत बसली आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता औषधांनी काही होणार नाही.

"उन्हात बसलं की जरा बरं वाटतं गं," आई म्हणाली.

थोड्या वेळाने ऊन पुढे सरकलं. मी आधी तिची खुर्ची उन्हात ओढली, मग ते दोन सेल.