शेडगणिक चप्पल

"आता बाईच्या तिन्ही शेडला कुलूप लागतंय बघ," ग्रामपंचायतीच्या दारात कुणीतरी कुजबुजलं. माझ्यापुढे बसलेल्या कुसुमआत्याने ते ऐकलं, पण मान वळवली नाही.

आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, बदनापूरजवळ अंड्यांच्या कोंबड्या पाळायची. आज ती नाही, पण आठवते ती शेडच्या दारांशी मांडलेल्या लाल, निळ्या, हिरव्या चपलांसकट. शेडगणिक चपलेचा रंग वेगळा, त्याच रंगाने शेड ओळखायची; एका शेडची चप्पल दुसरीत गेलेली तिला खपायची नाही. एकदा सरपंच लाल चपलेवरच निळ्या शेडकडे निघाले, तर म्हणाली, "देवळात पाय धुता ना, सरपंच? मंग इथं काय झालं? बदला जल्दी!" गाव तिला 'चपलावाली' म्हणून हसायचं. मी इंग्रजी शाळेतली, चारचौघांत गप्प. मला ती चिडवायची, "बोलायला खर्चा येतो का गं तुला?"

त्या उन्हाळ्यात तालमीतली पोरं दुधात कच्ची अंडी फेटून प्यायली आणि ताप-जुलाबाने आडवी झाली. अंडी आत्याची. पोरं बरी झाली, पण गावाला तिच्या सगळ्या शेड बंद हव्या होत्या. मी तेव्हा संभाजीनगरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. आजाऱ्यांचे नमुने आमच्याच प्रयोगशाळेत आले होते. शेडचे नमुने घ्यायला गेलो, तेव्हा आत्या म्हणाली, "तिन्हींचं ने. लपवायचं काय त्याच्यात?"

पोरांच्या नमुन्यांत साल्मोनेला नावाचा जंतू सापडला. निळ्या शेडमध्ये सापडला आणि लालमध्येही. ते ऐकून आत्याने विचारलं, "लालमधी बी?" पण जनुकं ताडून पाहिली, तेव्हा नाव एक असलं तरी कुळं वेगळी निघाली. पोरांच्या पोटातला जंतू फक्त निळ्या शेडशी जुळत होता. लालमधला कोंबड्यांनाच बाधणारा, माणसाला सहसा त्रास न देणारा. त्यावर तिचं औषध आधीपासूनच चालू होतं. हिरवी शेड स्वच्छ होती.

"म्हणजे पोरं माझ्यामुळंच पडली की," ती म्हणाली. "निळी रिकामी करते. त्यातली एक बी कोंबडी बाजारात जाणार न्हाई. जनावरांचे डॉक्टर सांगतील तशी विल्हेवाट लावू."

तिने ते बोलून दाखवलं आणि करूनही टाकलं. एवढा तोटा होऊनही आवाज कापला नाही.

ग्रामपंचायतीतल्या त्या सभेत सरपंचांनी विचारलं, "रिपोर्ट कोण सांगतंय?" आत्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत गप्प असणारी मी उभी राहिले.

"आजार निळ्या शेडमधूनच आला. ती आत्याने कालच रिकामी केली. बाकीच्या दोन शेडमध्ये तो पोचला नाही, कारण तिथे निळी चप्पल कधी गेलीच नाही. तुम्ही ज्या चपलावालीला हसता, ती माझी आत्या आहे."