राजाच्या आईचे कपडे

माझ्या मोठ्या जावेला कोरियातले राजवाडे तिथे जाण्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होते.

सुरतेत नवागामला आमचं एकच घर आहे, ती खाली राहते आणि आम्ही वर. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. ती दिवसभर दाराशी बसून साड्यांना स्टोन लावते. मांडीवर पदर, बाजूला गोंदाची बाटली आणि खड्यांची वाटी, आणि समोर माठाला टेकवून ठेवलेला मोबाईल. त्यावर हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका चालू असतात. प्रेमाच्या मालिका तिला बघवत नाहीत. राजदरबाराच्या लागतात. कोणती राणी कोणत्या महालात झोपते, कोणाच्या जेवणात विष आहे, कोणता मंत्री खोटं बोलतोय, हे मी शाळेतून आले की जिन्याच्या पहिल्या पायरीवरच मला ऐकायला मिळायचं.

मी तिला जिजी म्हणते. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. बोलते अहिराणी, इथे मी तिचं बोलणं बरंचसं माझ्या मराठीत लिहिते आहे, कारण तिच्या बोलण्याचा ठसका मला लिहून जमत नाही.

तिचा मुलगा आधी इच्छापोरला कंत्राटावर वेल्डिंग करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला दक्षिण कोरियात जहाजं बांधण्याच्या कारखान्यात काम मिळालं. तो गेला तेव्हा जिजी रडली नाही. एवढंच म्हणाली, "राजवाडा दिसला तर फोटो पाठव." त्याने पाठवले ते बंदराचे आणि जहाजांचे. मग गेल्या वर्षी एकदा त्याने फोनवरच सांगून टाकलं, "माय, तूच ये. मी सुटी टाकतो. सेऊलला भेटू."

"मी एकली जावाव नई," जिजी म्हणाली, आणि वर माझ्याकडे बघितलं.

माझ्या नवऱ्याने एका शब्दानेही नाही म्हटलं नाही. "जा दोघी," तो म्हणाला. "मी डबा लावतो." आमचे पासपोर्ट, व्हिसा, लोकरीचे स्वेटर यात तीन महिने गेले. दिवाळीच्या सुटीला जोडून मी रजा घेतली आणि आम्ही निघालो. सुरतेत पंखा पाचवर होता. सेऊलच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं तर तोंडातून वाफ निघाली. मुलगा समोर उभा होता. त्याचे हात पहिल्यापेक्षा जाड झाले होते. जिजीने आधी ते हातच धरले, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजवाड्यात जायचं ठरलं. मुलाने चौकशी करून ठेवली होती. तिथले राजवाडे काही दिवस रात्रीही उघडे असतात, दिवे लावतात, आणि त्यांचे पारंपरिक कपडे घालून गेलं तर तिकीट लागत नाही. "पण तिकिटासाठी नाही, काकू," तो मला म्हणाला. "मजा येते म्हणून. सगळे घालतात."

कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात आम्ही पाचच्या सुमारास पोचलो. दुकान म्हणजे एक लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना टांगलेले घेरदार झगे आणि आखूड अंगडी, गुलाबी, पोपटी, आकाशी. दुकानातली मुलगी हसतमुख होती. तिने जिजीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आत गेली आणि एक जोड घेऊन आली. हिरवं अंगडं आणि लालभडक घेर.

जिजी एक पाऊल मागे सरली.

"हाई नवरीनं शे," ती म्हणाली.

मुलगा म्हणाला, "माय, इथे तसं काही नसतं. काहीही घाल."

"तुला काय माहीत? मी बघितलंय. त्यांच्यातही लग्नाला हिरवं-लालच असतं." तिने पदर नीट केला आणि ती बाकावर बसली. "तुम्ही दोघं घाला. मी अशीच येते."

ती अशी का बसली हे मला कळलं, आणि मला जमिनीकडे बघावंसं वाटलं.

माझे जेठ, म्हणजे जिजीचे यजमान, वारले त्याला अकरा वर्षं झाली. ते लूमवर कारीगर होते. कामावरून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. तेराव्याच्या दिवशी घरातल्या मोठ्या बायकांनी मला किल्ली दिली आणि जिजीच्या कपाटातल्या रंगीत साड्या काढायला सांगितलं. मी काढल्या. एकेक घडी करून ढीग लावला, आणि नणदा, भाच्या, शेजारणी यांनी तो वाटून घेतला. जिजी पलीकडच्या खोलीत होती. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी शाळेत मुलींना कितीतरी गोष्टी सांगत असे, आणि त्या दिवशी साड्यांच्या कडा जुळवत बसले होते. त्यानंतर जिजीने राखी, बदामी, फार तर फिकट निळं नेसलं. दिवसभर मात्र तिच्या मांडीवर दुसऱ्यांच्या लाल आणि राणी रंगाच्या साड्या असत.

दुकानातली मुलगी गोंधळून उभी होती. आपलं काही चुकलं का, असं तिने मोबाईलमध्ये बोलून विचारलं, आणि मोबाईलने ते हिंदीत सांगितलं. मुलगा उत्तर शोधत होता. मी जिजीशेजारी बसायला गेले तेवढ्यात तीच उठली. दुकानाच्या अगदी टोकाला, आरशापलीकडे, काही जड कपडे वेगळे लावले होते. ती तिकडे चालत गेली आणि एका जांभळ्या अंगड्यापाशी थांबली. त्याच्या काठाला सोनेरी नक्षी छापलेली होती. खाली गर्द डाळिंबी घेर.

"हे कोणाचं आहे, माहीत आहे?" तिने मला विचारलं.

"नाही."

"राजानी माय." तिने ते कापड दोन बोटांत धरलं. "सगळ्या मालिकांत असते. तिच्यापुढे राजासुद्धा वाकतो. तिने नाही म्हटलं की दरबार थांबतो." मग म्हणाली, "आणि तिचा नवरा गेलेला असतो. तो गेलेला असतो म्हणून तर मुलगा राजा असतो ना?"

मुलगा जवळ येऊन ती नक्षी बघू लागला.

"कपडे बघ पण कसे," जिजी म्हणाली. "मी हे घालीन."

दुकानातल्या मुलीला सांगावं लागलं नाही. तिने जिजीचा हात कशावर आहे ते बघितलं आणि आनंदाने टाळी वाजवून काहीतरी म्हणाली. त्यातलं शेवटचं "मामा" तेवढं आम्हाला कळलं.

"मामा का म्हणते मला?" जिजीने विचारलं.

मुलगा हसत सुटला. "माय, इथे राणीला, राजाच्या आईला मानाने मामा म्हणतात."

"मग ठीक आहे," जिजी म्हणाली.

तिला तयार करायला अर्धा तास लागला. त्या मुलीने तिचे पांढरे केस मागे घट्ट बांधून अंबाडा घातला आणि त्यात आडवा लांब आकडा खोचला. मला आकाशी रंगाचं काहीतरी मिळालं, त्यात मी फुगलेल्या छत्रीसारखी दिसत होते. मुलाने काळी टोपी आणि निळा अंगरखा घातला. जिजी पडद्याआडून बाहेर आली तेव्हा तो टोपीची नाडी बांधत होता. नाडी तशीच हातात राहिली. जिजी आरशासमोर उभी राहिली. हसली नाही, लाजली नाही. फक्त दोन्ही हात पोटाशी एकावर एक ठेवले, मालिकेतल्या बायका ठेवतात तसे.

आम्ही गेलो तो राजवाडा सगळ्यात मोठा नव्हता. त्याचं नाव माझ्या जिभेला अजून वळत नाही. मोठ्या राजवाड्यात फार गर्दी असते म्हणून मुलाने हा निवडला होता. अंधार नुकताच पडला होता. लाकडी दरवाजातून आत गेलो की लगेच एक दगडी पूल लागतो, खाली बारीकसं पाणी आणि दोन्ही काठांना झाडं. पायवाटेवर जमिनीलगत कंदील ठेवलेले. वर बघावं तर काळ्या आभाळात छपराचं टोक वळून गेलेलं, आणि त्याखालची हिरवी-तांबडी नक्षी दिव्याने उजळलेली. सेऊल एवढं मोठं शहर, पण आत गाड्यांचा आवाज येत नव्हता. आमच्या गल्लीत रात्रीही लूमची खटखट असते. त्यामुळे असेल, ती शांतता मला कानांवर हात ठेवल्यासारखी वाटली.

जिजी पुढे होती. घेर दोन्ही हातांनी किंचित उचलून ती अशी चालली होती की जणू इथे राहते. दरबाराच्या अंगणात दगडाचे छोटे खांब दोन रांगांत रोवलेले आहेत. मी त्यांना बसायला लावलेले दगड समजले. "हात लावू नको," जिजी म्हणाली. "मंत्री कुठे उभे राहायचे त्याच्या खुणा आहेत त्या. मोठा मंत्री पुढे, छोटा मागे." मुलाने मोबाईलवर वाचून बघितलं. तसंच होतं. मधली वाट राजाची, तिच्यावरून चालायचं नाही, हेही तिनेच सांगितलं. आमच्या मागून येणारं एक हिंदी बोलणारं जोडपं तिचं ऐकत ऐकत चालू लागलं आणि दोन अंगणं आमच्याबरोबरच राहिलं.

आतल्या एका महालाच्या पायऱ्यांपाशी मुलगा माहितीचा फलक वाचायला थांबला. मोबाईल त्याच्यावर धरून त्याने दोनदा वाचलं.

"माय," तो म्हणाला, "हा राजवाडा राजाने स्वतःसाठी नाही बांधला. घरातल्या बायकांसाठी बांधला. त्याची आजी, त्याची आई आणि त्याची काकू. तिघींचे नवरे वारले होते."

"तिघी?"

"तिघी."

"काकूसुद्धा?" मी विचारलं.

"काकूसुद्धा," तो म्हणाला.

जिजीने मान वर करून छपराकडे बघितलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. किती खोल्या असतील, असं बहुतेक ती मोजत होती. "एवढं सगळं," ती म्हणाली. मुलाने तेवढ्यात दोन पावलं मागे होऊन, टोपी सांभाळत, कंबरेत वाकून तिला नमस्कार केला. तो थट्टेतच करायला गेला होता, पण वाकल्यावर लवकर सरळ झाला नाही. जिजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ऊठ," ती म्हणाली. "पाठ दुखेल. उद्या तुला कामावर जायचंय."

"परवा, माय."

"परवा तर परवा."

तिथून उतरताना समोरून एक म्हातारी बाई आली. साधा कोट, हातात कापडी पिशवी. रोज फिरायला येत असावी. जिजीला बघून ती थांबली, भुवया आकसल्या आणि सरळ पुढे येऊन तिने जिजीच्या छातीवरच्या फितीची गाठ सोडली. मला वाटलं रागावली. पण तिने फीत झटकून सपाट केली, नव्याने एका बाजूचा फास घालून बांधली, दोन्ही टोकं खाली ओढून सारखी केली, आणि मागे सरून बघितलं. मग समाधानाने मान हलवून काहीतरी बोलली आणि निघून गेली.

"काय म्हणाली?" जिजीने विचारलं.

"कळलं नाही," मुलगा म्हणाला. "खूप भरभर बोलली."

"गाठ वाकडी होती म्हणाली असेल."

मागच्या बाजूला एक तळं आहे. त्याच्या काठी आम्ही दोघी बाकावर बसलो आणि मुलगा चहा-कॉफी मिळते का ते बघायला गेला. पाण्यात झाडांची लाल पानं दिसत होती, दिव्यांमुळे आणखी लाल. जिजीने बूट काढून पाय मोकळे केले. मला आत्ताच बोलायला हवं असं वाटलं. घरी गेले की मी बोलणार नाही, हे मला माहीत होतं.

"जिजी, त्या साड्या मी काढल्या होत्या. कपाटातल्या. तुला न विचारता."

"माले माहीत शे," ती म्हणाली.

"मी विचारायला पाहिजे होतं."

"तू विचारलं असतंस तर मीच दे म्हटलं असतं. तेव्हा मला तरी कुठे काय सुचत होतं?" ती पाय चोळत राहिली. "पण विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं."

एवढंच. ती चिडली नव्हती, आणि मला माफही केलं वगैरे नाही. थोड्या वेळाने तिने माझ्या खांद्यावरची शाल ओढून अर्धी स्वतःकडे घेतली. मुलगा तीन कागदी पेले घेऊन आला. कॉफी कडू होती. जिजीने पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली आणि आम्ही राजवाडा बंद व्हायची सूचना होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.

सुरतेला आलो त्याच्या आधीच फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरले होते. मोठ्या नणदेचा फोन आला. रंगाबद्दल तिने आडून आडून विचारलं. जिजी म्हणाली, "राजमातेचा रंग आहे तो, तुला एवढंही माहीत नाही?" आणि इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला. संक्रांतीच्या आधी आम्ही दोघी रिंग रोडच्या मार्केटमध्ये गेलो. मी काही सुचवलं नाही. तिने बऱ्याच साड्या उलगडायला लावल्या, दुकानदाराला हिंदीत आणि गुजरातीत पिळून काढलं, आणि शेवटी एक वांगी रंगाची घेतली, बारीक जरीच्या काठाची.

आता दुपारी गल्लीतल्या दोन-तीन बायका आपापली साडी घेऊन तिच्या दाराशी कामाला बसतात आणि तिला तेच तेच विचारतात. परवा मी शाळेतून आले तेव्हा तीन राण्यांची गोष्ट चालली होती.

"तीन बाया एका घरात?" एकीने विचारलं. "भांडत नसतील?"

"भांडत असतील की," जिजी म्हणाली आणि पदरावर पुढचा खडा ठेवला. "पण घर त्यांचं होतं."