लिंबू-मिरचीखाली माझा रॉकर आर्म

मंडळी, आज कल्याणला सूड उगवून आलोय.

बाइकच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर आर्म मी स्वस्तातला बसवलेला. दुकानदार म्हणालेला, “भाऊ, रेसिंगचाच माल आहे, बिनधास्त खेच.” शिळफाट्याला खेचली, तर आर्मचे दोन तुकडे झाले आणि इंजिन जाम.

आज तुकडे दाखवले, तर म्हणतो, “एवढी रेस कोण देतं?”

मी भांडलो नाही. दारात त्याने नुकतीच शनिवारची लिंबू-मिरची टांगलेली. तिच्याच तारेत तुटका आर्म अडकवला आणि घट्ट पीळ दिला.

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. पुढच्या शनिवारच्या आत लिंबू-मिरची उतरवायची त्याची छाती नाही.

आता आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाईक विचारणार, “शेठ, हे काय लटकतंय?”

तुमच्यापैकी कोण कोण जाऊन विचारतंय?