पाण्याचा पाट

आतोबांना अरे-तुरे करणारी माझी आत्या पावसाला मात्र अहो-जाहो करायची. सर कोसळायला लागली की पदर सावरून खिडकीशी उभी राहायची आणि म्हणायची, "या, बसा निवांत." बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात तिचं भातखाचर होतं तेव्हाही, आणि त्याच खाचरावर इमारत उभी राहून तिला तळमजल्याचा फ्लॅट मिळाला तेव्हाही.

तिच्या लेखी पाणी म्हणजे पाहुणे. "पूर्वी चार महिने मुक्कामाला यायचे," ती सांगे, "आता धाड पडल्यासारखे येतात, सगळे एकदम. मग त्यांना बसायला जागा नको?"

माझं बालपण शहाडला, कारखान्याच्या चाळीत गेलं. पाणी नळात असतं, एवढंच ज्ञान. बी.कॉम. झाल्यावर एका पावसाळ्यात आत्याकडे राहायला गेलो होतो. आभाळ भरून आलेलं, ती चुलीपाशी अडकलेली. आतूनच म्हणाली, "बाळ्या, खालच्या कोपऱ्यात पाण्याला पाट काढून ठेव." मी जेवायचा लाकडी पाट काढला, पुसला आणि खाचराच्या कोपऱ्यात चिखलात नीट मांडून आलो. पाणी वाहून न्यायला मातीत काढलेल्या चरालाही पाट म्हणतात, हे बी.कॉम.ला नव्हतं. आत्या जमिनीवर बसून हसली. पुढे मला बघायला आलेल्या मुलीकडच्या मंडळींनाही तिने हे रंगवून सांगितलं. तरी लग्न झालं.

इमारत झाली तेव्हा आवारातला तो सखल कोपरा तिने भांडून मोकळा ठेवायला लावला. बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक. कोपऱ्यात तिने कर्दळ आणि अळू लावलं. तिथून नाल्याकडे जाणारा जुना पाट दर पावसाळ्याआधी ती स्वतः उकरायची. दमली की माझ्या त्या लाकडी पाटावर बसायची. तो तिने मुद्दाम जपला होता, मला चिडवायला.

वरच्या मजल्यावर मीही फ्लॅट घेतला. मग समोरच्यांनी घेतली म्हणून गाडी घेतली. ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून सोसायटीने कोपऱ्यात भराव घालायचं ठरवलं. आत्याला सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. ती अळूची पानं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "एक पावसाळा थांब. मग तिथे तुझी गाडी बसव, नाहीतर माझे पाहुणे."

त्या पावसाळ्यात उल्हास नदी चढली. कोपरा भरला, मग आवार, मग आत्याचं घर. आम्ही हादरलो; ती मात्र सिलिंडर पलंगावर आणि तांदूळ माळ्यावर टाकून आमच्याकडे चहा पीत बसली होती. मी टोचलंच, "आत्या, तुझे पाहुणे पार स्वयंपाकघरात शिरले की."

"नदी आहे ती, येणारच," ती म्हणाली. "आल्यावर त्यांना परतायची वाट दिसली पाहिजे. तेवढंच आपल्या हातात."

नदी उतरली तसं आमचं पाणी कोपऱ्यात सरकलं आणि पाटाने नाल्यात गेलं. संध्याकाळी आत्या घर धूत होती. शेजारच्या इमारतीत भिंतीपर्यंत ब्लॉक. तिथे पंप लावूनही पाणी हलेना. भरावाचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या मे महिन्यात आसपासच्या बोअरिंगा आटल्या आणि कोपऱ्यात मुरलेल्या पाण्यावर आमची चालू राहिली, तेव्हा तर सेक्रेटरी आत्याकडे वाटी घेऊन अळूचं फदफदं मागायला आले. माझी गाडी अजून रस्त्यावरच असते. कावळ्यांची सोय झाली आहे.

गेल्या दिवाळीनंतर आत्या गेली. आजारपणात तिला एकच घोर होता, पाट आता कोण काढणार. मी म्हटलं, मी काढतो. ती म्हणाली, "फावड्याने हं, बाळ्या."

यंदा काढला, फावड्याने. तळव्यांना फोड आले. आभाळ दाटलं तेव्हा आत्याचा तो लाकडी पाट आणला, पुसला, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि कर्दळीपाशी मांडला. पाणी आलं. पाट जरा हलला, उचलला गेला, पाण्यावर टेकून राहिला.

"या," मी म्हटलं, "बसा निवांत."