मच्छर सरांचा नेम

पंख बघितल्याशिवाय मच्छर सर डास मारत नसत. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे टाळ्या पिटत असू आणि सर चष्मा कपाळावर सरकवून मनगटावरच्या डासाकडे बघत राहायचे. तो पोटभर पिऊन उडून गेला की म्हणायचे, "ह्यो आपला न्हाई." म्हणजे त्यांच्या अभ्यासातला नाही.

आष्टीच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत, मी मराठी. त्यांचा जीव होता डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका लांब पायांच्या माशीवर. मराठीत तिला धड नाव नाही. सर तिला लांबटांगी म्हणत. तीही आजची नव्हे. ज्युरासिक काळातली, डायनासोरच्या वेळची, दगडात ठसा होऊन राहिलेली. ते दगड परदेशातल्या संग्रहालयांत असायचे, सरांच्या कॉम्प्युटरवर नुसते फोटो यायचे. "अंग कुजतं, तंगड्या तुटत्यात, पंख तेवढा ऱ्हातो," सर सांगत. "शीर कुठं फुटली ते बघ, घराणं कळतं." जुन्या पंडितांनी घाईघाईत भलत्याच कुळात ढकललेल्या माश्या सर शिरा बघून त्यांच्या त्यांच्या कुळात नेऊन बसवत. "हिची सोयरीकच चुकलीय," म्हणत कामाला लागत. हे सगळं कशासाठी, असं प्राचार्यांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "समदे माणसांना नावं ठिवत्यात, मी माश्यांना ठिवतो."

अशाच एका नव्या माशीला त्यांनी आपल्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं नाव दिलं, कौसल्या. पोरांनी स्टँडजवळ फ्लेक्स लावला, कॉलेजात हारतुरे झाले. काकू पदरात तोंड लपवून म्हणाल्या, "मच्छराला माझं नाव कामून?" पण त्या पंखाचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लागला आणि आल्यागेल्याला "ही मी" म्हणून दाखवला जाऊ लागला. काकूंना इतकं खूश मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुढे सर निवृत्त झाले, काकू आजारी पडल्या, आणि नेमकं तेव्हाच सरांना ते दिसलं. दगड फुटला की ठसे दोन होतात, एक या तुकड्यावर, एक त्या. एका माशीचे असे दोन तुकडे दोन देशांत गेले होते. एकावरून फार पूर्वी कुणीतरी नाव ठेवलं होतं. दुसरा आमच्या कौसल्येचा. सरांनी माझ्यासमोर एक फोटो उलटा करून दुसऱ्यावर ठेवला. शीर न् शीर जुळली. पंखाच्या कडेची फाटसुद्धा जुळली.

"सर, राहू द्या ना," मी म्हणालो. "काकूंची ही अवस्था. जगात कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की," सर म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी काकूंना सांगितलं. मी चहाचा कप घेऊन तिथेच बसलो होतो आणि मला तिथून उठावंसं वाटत होतं.

"मंग माझं नाव पुसलं?" काकूंनी विचारलं.

"व्हय. नेमच हाय. पयलं ठिवलेलं नाव खरं."

काकूंनी देव्हाऱ्याशेजारच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, "असा नेम माणसात न्हाई का वो? कौसल्या तर तुमच्या आत्यानं ठिवलं, लग्नात, तांदळात लिहून. माझं पयलं नाव सांगा बरं."

काकू थोरल्या, तलवाड्याला माहेरी सरांसमोर लहानथोर सगळे त्यांना नुसतं आक्का म्हणत. लग्नाआधी ऐकलेलं नाव सरांच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. शंभर वर्षांपूर्वी कुणी कुठल्या माशीचं काय नाव ठेवलं, हे झोपेतून उठवलं तरी सांगणारा हा माणूस!

"ऱ्हाऊ द्या," काकू हसून म्हणाल्या. "चा निवतोय."

नंतर सरांनी खूप विनवलं, पण काकू हट्टाला पेटल्या होत्या. "माश्यांचं हुडकता, माझंबी हुडका की." तलवाड्याला फोन करणं सरांना कमीपणाचं वाटलं. मेहुण्याला विचारायचं काय, तुझ्या बहिणीचं नाव काय? हे एवढं लिहून संपवतो, मग समक्ष जाऊन येतो, असं म्हणत राहिले. ते लिहून संपलं, छापून आलं, कौसल्या खोडली गेली. आणि ऊसतोडीला गेलेली गल्ली परत यायच्या आतच काकू गेल्या. मेहुण्याने अंगणातच हंबरडा फोडला, "गोदाक्का!" गर्दीत मी सरांचा हात धरून उभा होतो. तो सोडवून घेऊन सर मेहुण्याकडे वळले.

फार चांगला माणूस, पण त्या एका गोष्टीत फार उशीर केला त्यांनी. अजून चुटपुट लागते.

मुलाने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "सर, आता एखाद्या नव्या माशीला गोदाकाकूंचं नाव द्या."

"न्हाई रे," सर म्हणाले. "ते ठिवायचं नाव न्हवतं. हाक मारायचं व्हतं."