गैबी पिंजाऱ्याचं उताणं मरण

गैबी पिंजारी आयुष्यात किती वेळा मेला हे खुद्द गैबीलाही सांगता आलं नसतं. तसा तो कोल्हापुरात गाद्या भरायचा. खांद्याला कापूस पिंजायची तार लावून गल्लीत शिरला, की बायका गोळे झालेल्या गाद्या ओढत बाहेर आणायच्या. हा झाला पोटाचा धंदा. जिवाचा धंदा निराळा होता. स्टुडिओत कुठल्याही सिनेमाला मढं लागलं की सांगावा गैबीला यायचा, आणि गैबी हातातला कापूस तिथंच टाकून मरायला पळायचा.

मरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बाकीची एक्स्ट्रा मंडळी मेल्यावर हळूच एक डोळा उघडून कॅमेरा कुठं आहे ते बघायची. एकजण तर मेल्यावर घोरला होता. गैबीच्या अंगावरून मुंगळा चालत गेला तरी त्याची पापणी हलायची नाही. तो मावळा म्हणून मेला, मोगल म्हणून मेला, आणि एकदा माणसं कमी पडली तेव्हा सकाळी मावळा आणि जेवणानंतर मोगल म्हणून एकाच खिंडीत मेला. पण नशीब बघा, दर वेळी पालथा. कधी घोड्याच्या आड, कधी दुसऱ्या मेलेल्याच्या खाली. एवढ्या सिनेमांत गैबीचं तोंड म्हणून एकदाही पडद्यावर आलं नाही.

एरवी त्याला याचं काही वाटलं नसतं. पण लग्न ठरताना त्यानं शहाजादीच्या घरी "मी सिनेमात असतो" असं छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, आणि लग्नानंतर हौसेनं तिला थेटरात नेलं होतं. लढाई सुरू झाली तसा तो खुर्चीतून उठून ओरडला, "त्यो बघ मी! त्या उजवीकडच्या टाचा माझ्या!"

"टाचा काय, साऱ्या कोल्हापूरच्या तसल्याच असत्यात," शहाजादी म्हणाली. "तोंड कुठं हाय?"

तोंड नव्हतंच, तर दाखवणार कुठून? शहाजादी काही वाईट बाई नव्हती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. नवरा शूटिंगला निघाला की ती शेजारपाजारी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "निघाले बघा, पडून यायला." गैबी हसण्यावारी न्यायचा. पण माणूस हसला म्हणजे त्याला लागलं नाही असं थोडंच आहे! आपण थापाडे नाही एवढं बायकोच्या डोळ्यांना एकदा दिसावं, दुसरं काही त्याला नको होतं.

मग कोल्हापुरात टीव्ही आला. म्हणजे घरोघरी नव्हे. गल्लीत एक, तो शालूबाईंच्या सोप्यात, आणि तो चालू असेपर्यंत शालूबाईंचा रुबाब कलेक्टरीणबाईंना नव्हता. त्याच सुमाराला मुंबईच्या एका साहेबांनी टीव्हीसाठी पोलीस तपासाची मालिका काढली. दर आठवड्याला एक खून, तपासाला दोन पोलीस, आणि शेवटी खुनी गजाआड. त्यातला एक भाग कसबा बावड्याच्या एका गुऱ्हाळावर करायचं ठरलं. मढ्याची चौकशी झाली तेव्हा स्टुडिओतल्या शिपायापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

साहेबांनी गैबीला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाले, "उताणं पडायचं. दोन पोलीस तुझ्या दोन्ही बाजूंना बसून बोलणार. मधे तुझा चेहरा. पडदाभर."

"पडदाभर?" गैबीनं विचारलं.

"पडदाभर."

गैबी सायकल हाणत घरी आला आणि धापा टाकत बातमी सांगितली. शहाजादी भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता "बघू की" म्हटलं. पण भाकरी झाल्यावर ती गुपचूप शालूबाईंकडे जाऊन पुढची जागा धरून आली, हे गैबीला दुसऱ्या दिवशी कळलं. मग तर त्याला भूक लागेना.

आता त्या दोन पोलिसांविषयी सांगायला हवं, कारण घोटाळा तिथंच होता. साहेबांनी गावातल्या हौशी नाटक मंडळीतले दोन नावाजलेले नट उचलले. बाळासो आणि सयाजी. दोघांचेही आवाज असे, की नाटक पेठेत असलं तरी म्हशी नदीवर बिचकाव्यात. पण हे दोघे एकमेकांचे व्याही होते आणि लग्नाच्या मांडवापासून त्यांच्यात अबोला होता, हे त्या मुंबईच्या माणसाला सांगायचं कुणालाच सुचलं नाही.

अबोल्याचं कारण एक फेटा. सयाजीची मुलगी बाळासोच्या मुलाला दिली. भर मांडवात सयाजीनं व्याह्याला मानाचा फेटा बांधला. बाळासोनं कौतुकानं फेट्याचं टोक हातात घेतलं, तर त्यावर तोंडाच्या रंगाचा डाग! डाग त्याच्या चांगला ओळखीचा होता, कारण तो त्याच्याच तोंडाचा होता. आदल्या साली नाटकात सरदार होऊन त्यानं हाच फेटा मिरवला होता. मंडळीच्या कपड्यांची ट्रंक सयाजीच्या घरी असायची, आणि लग्नघाईत बायकांनी भलत्याच ट्रंकेत हात घातला होता, एवढीच गोष्ट. सयाजी "चुकलं" म्हणाला असता तर तिथंच मिटलं असतं. पण तो म्हणाला, "नवा कोरा हाय." झालं! तेव्हापासून दोघं एकाच नातवाला खेळवायचे, एकाच सतरंजीवर बसायचे, पण बोलायचं म्हटलं की मधे तिसरं माणूस लागायचं. "त्यांना सांगा, सुपारी हिकडं सरकवा."

आणि साहेबांनी काय करावं? सयाजीला केलं इन्स्पेक्टर आणि बाळासोला जमादार. म्हणजे मुलाच्या बापानं मुलीच्या बापाला सॅल्यूट ठोकायचा! असला उलटा न्याय कोल्हापुरात कुणी पाहिला नव्हता.

शूटिंगच्या दिवशी गुऱ्हाळावर गैबी सकाळीच उसाच्या पाचटावर उताणा पडला. छातीवर लाल रंग ओतलेला, तोंड आभाळाकडे. गूळ जवळ, त्यामुळे माश्या आणि मुंगळे यांचीही गर्दी. एका अंगाला इन्स्पेक्टर सयाजी, दुसऱ्या अंगाला जमादार बाळासो. साहेब ओरडले, "ॲक्शन!"

बाळासोनं सॅल्यूट ठोकला, नाही असं नाही, पण तो गुळाच्या चुलवाणाकडे तोंड करून. मग गैबीच्या नाकाकडे बघत तो म्हणाला, "ह्यांना सांगा, खून रात्री झाल्याला दिसतोय."

"कट! 'ह्यांना सांगा' कुठून आलं? सरळ त्यांना सांगा!"

पुन्हा सुरू झालं. आता सयाजीनं गैबीच्या कानाशी वाकून खणखणीत आवाजात विचारलं, "कशावरनं म्हणत्यात, ते जरा इचारा त्यांना."

"कट! अहो, विचारा कुणाला? तो मेलाय!"

"ते दिसतंय की मला," सयाजी म्हणाला. "पर मधे दुसरं कोन न्हाईच, तर मी काय करू?"

साहेबांनी समजावलं, हात जोडले, चहा पाजला. दोघंही "व्हय व्हय" म्हणायचे आणि कॅमेरा सुरू झाला की पुन्हा मढ्याशी बोलायचे. ऊन डोक्यावर आलं. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. शेवटी साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून पाचटात आपटली.

"बास! हा सीनच रद्द. एकजण इथून फोन करेल, दुसरा चौकीतून ऐकेल. एकेकट्याचं घेतो मी. मढ्याला सुट्टी द्या."

गैबीला खरोखरीच मेल्यागत झालं. डोळे मिटलेलेच होते, पण मिटल्या डोळ्यांपुढं त्याला शालूबाईंचा सोपा दिसला, पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेली शहाजादी दिसली, आणि पडद्यावर नुसता टेलिफोन दिसला. एवढी वर्षं घोड्यांच्या पायाखाली गेली, त्याचं काही नाही. पण दोन व्याह्यांच्या रुसव्यापायी आपलं तोंड जावं? त्याला मनस्वी राग आला. मढं उठून बसलं आणि म्हणालं, "सायेब, आनि एक डाव. एकच. ह्या खेपंला जमलं न्हाई, तर मी माझ्या पायानं घरला जातो."

साहेबांना मढ्याची दया आली. "एकच," ते म्हणाले. कॅमेरा सुरू झाला.

बाळासोनं घसा खाकरला. "ह्यांना सांगा, खून रात्री झालाय."

"सयाजीराव," मढं डोळे न उघडता बोललं, "बाळासो म्हणत्यात, खून रात्री झालाय. आनि त्यो फेटा नवा हुता का जुना, त्येबी इचारत्यात."

एवढं बोलून गैबी जो मेला, तो असा मेला की मेलेल्यांनी मान खाली घालावी.

"नवा हुता!" सयाजी गरजला.

"नवा?" बाळासो मढ्यावरून ओणवा होत थेट व्याह्याच्या डोळ्यांत डोळे घालून ओरडला. "मग त्यावर डाग कुठनं आला?"

"दुकानातला असंल!"

"दुकानात काय मी तोंड पुसाय गेलतो? मी वळकतो की त्यो डाग! माझ्या तोंडाचा रंग हाय त्यो!"

"तोंड सांभाळून बोला, पावणं! ट्रंक माझ्या ताब्यात हाय. किल्ली माझ्या कडदोऱ्याला हाय!"

"म्हंजे ट्रंकंतला हाय! कबूल करतायसा! आयकलं का हो सगळ्यांनी? ट्रंकंतला!"

"घाईत बायकांनी हात घातला, त्याला मी काय करू? फाशी जाऊ?"

साहेबांनी तोंड उघडलं ते मिटलंच नाही. फक्त एक हात मागं करून ते कॅमेरावाल्याला खुणावत राहिले, थांबू नको, थांबू नको. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, पण इथं तिसऱ्याच्या वाट्याला थुंकी येत होती. बाळासोनं बोलण्याच्या भरात गैबीच्या पोटावर पंजा रोवला. सयाजीचा गुडघा त्याच्या बोटांवर आला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक मुंगळा गालावरून चढत नाकपुडीशी येऊन थांबला आणि आत जावं की न जावं याचा विचार करू लागला. गैबीनं मनात म्हटलं, जा बाबा, कुठं जायचं तिथं जा, मी मेलोय. मुंगळा आत गेला. गैबी हलला नाही.

"कट!" साहेब नाचतच पुढं आले. "कमाल केलीत! फेट्याचा डाग! हा पुरावा आमच्या लिहिण्यात नव्हताच. मढं बोललं तेवढं कापून टाकतो. आता खुनी त्या डागावरूनच सापडणार!"

गैबी उठून शिंकत सुटला. इकडे दोन्ही पोलीस शरमून उभे होते. अबोला भांडणानंही मोडतो, आणि एकदा मोडला की परत सांधता येत नाही. सयाजी टोपीशी चाळा करत म्हणाला, "चुकलंच पावणं. मला तवाच कळलंतं."

"मग तवाच म्हनायचं की!" बाळासो म्हणाला, आणि गुऱ्हाळवाल्याला त्यानं दोन पेले रस आणायला सांगितलं. व्याह्याकडे तोंड करून सॅल्यूट मात्र त्यानं शेवटपर्यंत ठोकला नाही. अखेर साहेबांनी जमादाराचा उजवा हात झोळीत अडकवून तो मोडलाय असं दाखवलं.

तो भाग लागायचा त्या संध्याकाळी शालूबाईंच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गैबीनं इस्त्रीचा सदरा घातला होता, कानात अत्तराचा बोळा होता. शहाजादी ईदची साडी नेसून त्याच्याशेजारी सगळ्यात पुढं बसली होती, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकीला "आमचे हैत आज" म्हणून सांगत होती. हे ऐकूनच गैबीचा अर्धा जीव भरून पावला होता.

गुऱ्हाळ आलं. पोलीस आले. आणि मग एकदम पडदाभर गैबी आला. मिटलेले डोळे, उघडं पडलेलं तोंड, गालावर चढणारा मुंगळा. "गैबी! आरं, गैबीच की!" सगळी गल्ली ओरडली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. गैबी टीव्हीकडे बघतच नव्हता. तो शहाजादीकडे बघत होता.

शहाजादीनं एकदाच बघितलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "या अल्ला!" म्हणून ती किंचाळली, तिनं पदरात तोंड खुपसलं आणि दुसऱ्या हातानं चाचपडत गैबीचं मनगट घट्ट धरलं.

"अगं, शेजारी बसलाय न्हवं त्यो जित्ता!" शालूबाई म्हणाल्या. "बघ की, किती झ्याक मेलाय!"

"कळतंय मला," शहाजादी पदरातूनच रडत म्हणाली. "कळतंय, पर मला बघवंना. बंद करा त्ये. मला न्हाई बघायचं."

बंद कोण करणार? अख्खी गल्ली डोळे फाडून बघत होती, फेट्याचं भांडण आत्ता कुठं रंगात आलं होतं आणि गैबीचा चेहरा अजून पडदाभरच होता. गैबीनं मनगट सोडवून घेतलं, उठला, आणि टीव्हीला पाठ लावून उभा राहिला. मागून "बस खाली!", "दिसंना झालंय!" असा गिल्ला झाला, कुणीतरी चप्पलही फेकली. तो हलला नाही. पाठीमागं दोन पोलीस त्याच्या मढ्यावरून भांडत होते, आणि तो शहाजादीला म्हणत होता, "काढ पदर. बघ, मी हितं हाय."

तिनं पदर बाजूला केला आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसली.